लाल-निळ्याचा पहारा

एल्डरबी स्टेशनात विजेचे खांब आले त्याला बरीच वर्षं झाली. तार मात्र आली नाही. धुणं वाळत घालायला कुणी हौसेनं खांब रोवावेत, मग दोरी आणायला म्हणून बाजारात जावं आणि तिकडेच रमावं, तसं सरकारचं झालं होतं. रुळांच्या दोन्ही कडांना करडे उंच खांब ओळीनं उभे होते. त्यांचे हात रुळांवर पसरलेले, आणि त्या हातांत काहीच नाही. दोन खांबांवर कावळ्यांनी संसार थाटले होते. गाडी अजून डिझेलचीच होती. ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा आणि ती गेल्यावर धूर मागे राहायचा.

ऑड्री किर्क मतदानाच्या दिवशी सकाळी त्या फलाटावर पोचली, तेव्हा मिस्टर थर्लबी बाकावर आधीच येऊन बसले होते. उन्हाळ्याचे दिवस असूनही अंगात कोट, डोक्यावर टोपी, मांडीवर घडी न मोडलेलं वर्तमानपत्र.

"काय मिसेस किर्क, वाटेत मतदानाच्या हॉलकडे पाय वळले नाहीत ना?"

"वळले होते. पण म्हटलं, तुमच्यासारख्या माणसाला मोकळं सोडलं तर इंग्लंड बुडायचं."

"आता बुडायचं काय राहिलंय?"

"बघा, तुमच्याच तोंडून निघालं. राज्य कुणाचं आहे इतकी वर्षं?"

झालं, दिवस सुरू झाला. ऑड्री बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि तिनं सुस्कारा सोडला. आत्तापर्यंत तरी निभावलं होतं.

या दोघांचा करार एल्डरबीत सगळ्यांना ठाऊक होता. खाणी एकामागून एक बंद पडत होत्या ते दिवस. अशाच एका निवडणुकीत गावच्या हॉलबाहेर, पावसात, मतदानाच्या रांगेत ही दोघं एकामागे एक उभी होती. ऑड्री मजूर पक्षाची, म्हणजे लाल. बियाणांचं दुकान चालवणारे थर्लबी हुजूर पक्षाचे, म्हणजे निळे. तासभर भिजल्यावर थर्लबी मागे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही आत जाऊन लालवर फुली मारणार, मी निळ्यावर. दोन्ही फुल्या एकमेकींना खाऊन टाकणार. मग भिजायचं कशाला? दोघंही घरी जाऊ."

ऑड्री म्हणाली, "आधी तुम्ही जा."

"आधी तुम्ही."

एवढ्यावर गाडी अडली. दोघांनाही हिशोब पटला होता, पण दुसरा गुपचूप परत येऊन फुली मारणार नाही याची खात्री कुणी द्यावी? शेवटी ठरलं की मतदान संपेपर्यंत एकमेकांच्या नजरेसमोर बसायचं. आडोसा म्हणून स्टेशनाचं छप्पर बरं. ऑड्रीचा नवरा फ्रँक रेल्वेतच होता. तो पोट धरधरून हसला आणि म्हणाला, "लाल-निळ्याचा पहारा!" थर्लबींची बायको डोरीन सँडविचं करून घेऊन आली. तेव्हापासून पार्लमेंटची निवडणूक असो की कौन्सिलची, सकाळी दोघं बाकावर हजर. युरोपातून बाहेर पडायचं की आत राहायचं, या प्रश्नावर सगळ्या देशानं कौल दिला त्या दिवशीसुद्धा दोघं इथेच बसली होती. त्या वेळी तुझं मत कोणतं आणि माझं कोणतं, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. उलटंच असणार, असं धरून चालली. विचारलं असतं आणि एकच निघालं असतं, तर उठून हॉलमध्ये जावं लागलं असतं, हे ऑड्रीला तेव्हाच कळत होतं.

डोरीन गेली. मागाहून फ्रँक गेला. पहारा राहिला. एरवी वर्षभर दोघं रस्त्यात भेटली तर हवापाण्याची चार वाक्यं व्हायची आणि टोपीला हात लागायचा, बस्स. विधवेनं विधुराला चहाला बोलवायचं म्हटलं की एल्डरबीत समोरच्या खिडकीचा पडदा हलतो. मतदानाच्या दिवशी मात्र पडद्यांची बिशाद नव्हती. ते राजकारण होतं.

आणि नेमकं तेच आता संपलं होतं. ऑड्रीच्या मनात कुणालाच मत द्यायचं नव्हतं. लाल रंग मुळात फ्रँकचा. त्याच्याबरोबर तो घरात आला आणि तो गेल्यावर हळूहळू विटत गेला. भांडायला काहीतरी हवं म्हणून यंदा तिनं लाल पत्रक स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचून काढलं होतं, शाळेतल्या मुलीनं कविता पाठ करावी तसं. आपल्याकडे मतच नाही आणि आपण या माणसाचं मत अडवून धरलंय, ही गोष्ट तिला मनातून टोचत होती. करारात लबाडी म्हणजे लबाडी. पण खरं सांगितलं तर ते उठून हॉलमध्ये जातील, आणि मग हा दिवस गेला. वर्षातला तो एवढा एकच दिवस तिला हवा होता.

चहाच्या खिडकीतून जया ठकरारनं डोकं बाहेर काढलं. फलाटावरचं ते छोटं दुकान तिनं सासऱ्याकडून घेतलं होतं.

"आले का पहारेकरी? चहा घ्या. मी तर सकाळीच मत टाकून मोकळी झाले."

"कुणाला?" थर्लबींनी विचारलं.

"नवऱ्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगू? पण एक सांगते, सगळे एकाच माळेचे मणी. निवडणूक आली की तार येते, निवडणूक झाली की तार जाते."

"असं कसं म्हणता?" ऑड्रीनं पाठांतर सुरू केलं. "आमच्या पत्रकात स्वच्छ लिहिलंय. लेस्टरपासून पुढे सगळी लाइन विजेवर. हवा शुद्ध होणार, गाड्या वेळेवर येणार."

"तुमचे राज्यावर होते तेव्हा किती तार टाकलीत?" थर्लबी म्हणाले. "या फलाटावर वाळत घालायलासुद्धा पुरली नसती."

"आणि तुमच्यांनी? खांब रोवले, फोटो काढले आणि म्हणे पैसे संपले."

"निदान खांब तरी रोवले."

"कावळ्यांची सोय झाली. त्यांना विचारा, ते देतील तुम्हाला मत."

थर्लबी हसले. त्यांचं हसू खांद्यांतून सुरू व्हायचं आणि ओठांपर्यंत पोचता पोचता दमायचं. ऑड्रीला ते फार आवडायचं. ते पाहायला मिळावं म्हणून ती रेल्वेच काय, टपालखात्यावरसुद्धा भांडली असती.

गाडी आली, गेली. फलाट पुन्हा रिकामा झाला. ऊन चढलं. रुळांच्या पलीकडे गवतात पांढऱ्या फुलांचे तुरे उभे होते आणि वारा नसतानाही ते डुलत होते. ऑड्रीनं मनाचा हिय्या केला.

"तुमची पुतणी उभी आहे म्हणे."

दारातून आत पडलेल्या निळ्या पत्रकावर तिनं तो चेहरा पाहिला होता. फिलिपा थर्लबी, याच स्टेशनातल्या खांबावर हात ठेवून हसत होती. तेव्हापासून ऑड्रीला अन्न गोड लागत नव्हतं.

"हो, उभी आहे," थर्लबी म्हणाले. "या मागच्या मालधक्क्यावर मी तिला सायकल शिकवली. दोनदा भिंतीवर आपटली, रडली नाही. पोर जिद्दीची."

"आणि तुम्ही इथे बसलाय."

"करार म्हणजे करार, मिसेस किर्क."

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं. हातातलं चीज-लोणच्याचं सँडविच तिनं परत डब्यात ठेवलं. एवढा सरळ माणूस, आणि आपण त्याला नसलेल्या मताच्या बदल्यात बांधून ठेवलंय. तिला स्वतःचा राग आला, मग फ्रँकचा आला, मग त्या खांबांचाही आला.

दुपारी फलाटावर कुणी नव्हतं. जयाच्या दुकानातला रेडिओ कुठे किती मतदान झालं ते सांगत होता, पण बाकापर्यंत येईस्तोवर त्या बातमीची नुसती गुणगुण उरत होती. ऑड्रीचे डोळे जड झाले. बसल्या बसल्या तिला दिसलं की खांबांना तार आली आहे. दोन्ही रुळांवर, लांबपर्यंत, बारीक आणि चकचकीत. कुठून तरी मधमाश्यांसारखा मंद आवाज येत होता. मग गाडी आली, पण आवाज न करता, धूर न सोडता. खिडकीशी फ्रँक बसला होता आणि मान वर करून तारेकडे बघत होता. रात्रपाळीहून आल्यावर असायचा तसा त्याचा चेहरा दमलेला आणि खूश होता. शेजारी डोरीन विणत होती. ऑड्रीनं हात हलवला. डोरीननं पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा टाक्यांकडे वळली. फ्रँकनं खाली पाहिलंच नाही. त्याला हवं ते मिळालं होतं. गाडी जशी आली तशी निघाली, आणि ऑड्रीला मुळीच वाईट वाटलं नाही. आपल्याशेजारी कुणीतरी आहे असं तिला सारखं वाटत होतं. तिनं वळून बघितलं, तर बाक रिकामा होता. मग मात्र तिला रडू आलं.

ती जागी झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सावली होती. थर्लबी बाकावरून पुढे झुकून वर्तमानपत्र तिच्या डोक्यावर धरून बसले होते. किती वेळ धरलं होतं कोण जाणे.

"ऊन आलं होतं," ते म्हणाले, आणि चोरी पकडल्यासारखी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

ऊन पिवळं झालं, मग केशरी. जूनमधली संध्याकाळ एल्डरबीत संपता संपत नाही. आता अंधारेल असं वाटतं आणि उजेड पुन्हा पाय मोडून बसतो. ऑड्री त्या उजेडाकडे बघत मनात म्हणत होती, अजून थोडं, अजून थोडं. पण डोक्यावर धरलेलं ते वर्तमानपत्र तिला स्वस्थ बसू देईना. लबाडी करून मिळवलेली सावली आपल्याला पचायची नाही, हे तिला कळून चुकलं.

"मिस्टर थर्लबी, मी तुम्हाला फसवलंय."

"मला?"

"माझ्याकडे मत नाही. म्हणजे कागदावर आहे, मनात नाही. मी इथे नसते तरी हॉलमध्ये गेले नसते. तुमचं मत खायला माझ्याकडे काही नाहीच. तुम्ही मोकळे आहात. हॉल रात्री दहापर्यंत उघडा आहे, जा आणि पोरीला मत देऊन या."

थर्लबींनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. घट्टच होतं, तरी पुन्हा फिरवलं.

"कधीपासून?"

"फ्रँक गेल्यापासून."

"म्हणजे मागच्या खेपेलाही?"

"त्याच्या मागच्याही."

"मग ते सगळं भांडण? रेल्वेचं, दवाखान्यांचं?"

"पत्रक वाचून येत होते."

"आणि युरोपच्या वेळी?"

"तेव्हा होतं मत. पण तुमच्या उलट होतं की नाही, ते मी विचारलंच नाही."

"मीही नाही विचारलं," ते म्हणाले.

"तुम्ही का नाही विचारलंत?"

थर्लबी रुळांकडे बघत राहिले. मग उठले, कोटाची बटणं लावली, टोपी सारखी केली आणि पुलाच्या जिन्याकडे निघाले. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस, पण भराभर चालत होते. दिव्याच्या खांबाला धक्का लागला तरी 'माफ करा' म्हणणारे गृहस्थ, पण जाताना ऑड्रीला साधं 'येतो' म्हणाले नाहीत.

ऑड्री बसून राहिली. बरोबर केलं, ती स्वतःला म्हणाली, आणि त्या बरोबरचा तिला काडीचाही उपयोग झाला नाही. तिनं बाकाची कड घट्ट धरली. आता घरी जायला हरकत नव्हती. पण घरी जाऊन काय करायचं, हे तिला सुचेना.

जया दुकानाची फळी लावत होती. ती हात पुसत जवळ आली.

"एकट्याच? पहारा मोडला की काय?"

"मोडला."

"कुणी मोडला?"

"मी. खरं सांगून टाकलं. माझ्याकडे मतच नव्हतं गं. उगाच त्यांना अडवून बसले होते."

जयानं तिच्याकडे नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मिसेस किर्क, दोन शहाणी माणसं सबंध दिवस बाकावर बसतात ती एकमेकांचं मत अडवायला, यावर या गावात कुणाचाही विश्वास नाही. फक्त तुम्हा दोघांचा आहे."

"ते गेले, जया."

"गेले ते दिसलं मला. तुम्ही बसा. मला काही घाई नाही." पण तिला घाई होती, नवरा गाडी घेऊन बाहेर थांबला होता. ऑड्रीच्या खांद्यावर थोपटून ती गेली.

शेवटची डिझेल गाडी आली. कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. गार्डनं ऑड्रीकडे बघून 'येणार का?' अशी मान हलवली, तिनं नाही म्हटलं. आकाश निळसर जांभळं झालं होतं आणि त्यावर रिकामे खांब काळ्या शाईनं काढल्यासारखे दिसत होते. अर्धवट सोडलेलं काम इतकं सुंदर दिसू नये, असं ऑड्रीला वाटलं. डोळे पुसावेत म्हणून तिनं रुमाल शोधला आणि तो सापडेना.

पुलावर पावलं वाजली. जिन्याच्या मधल्या पायरीवर पावलं थांबली, गुडघ्याला विसावा देऊन पुन्हा वाजली. मिस्टर थर्लबी खाली आले, फलाटावरून चालत आले आणि बाकावर बसले. त्यांना धाप लागली होती. ऑड्रीनं त्यांना श्वास घेऊ दिला.

"दिलंत?"

"दिलं."

"फिलिपाला?"

"मतदान गुप्त असतं, मिसेस किर्क." मग जरा वेळानं म्हणाले, "पडणार ती. पण घरातलं एक तरी मत असावं पोरीला."

"बरं केलंत."

"हूं."

"म्हणजे आता तुमच्यावर पहारा ठेवायचं काही कारण उरलं नाही."

"नाही उरलं."

"आणि माझ्यावर तर ते नव्हतंच."

"तुम्हीच म्हणालात तसं."

ऑड्रीला विचारल्यावाचून राहवेना. "मग परत का आलात?"

थर्लबींनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. "हॉलच्या दारात उभा होतो," ते म्हणाले. "घराचा रस्ता उजवीकडे. तेवढ्यात आतली ती मतपेटीवरची बाई म्हणाली, झालं बाबा, आता पुढच्या निवडणुकीलाच भेटू." ते थांबले. "मी ऐंशीचा आहे, मिसेस किर्क. पुढच्या निवडणुकीची वाट बघायला मला वेळ नाही."

ऑड्री त्यांच्याकडे सरकली. फार नाही, पण बाकाचं टोक सुटलं.

"उद्या मोकळ्या आहात का?" त्यांनी विचारलं.

"उद्या कसलं मतदान आहे?"

"कसलंच नाही."

समोरच्या घराच्या खिडकीत दिवा लागला होता आणि पडदा हललासुद्धा असेल. ऑड्रीनं तिकडे मुद्दाम पाठ फिरवली.

"येईन," ती म्हणाली. "पण अकराच्या आत नाही जमायचं. शुक्रवारी मी केस धुते."